वैमानिकाचा गृहपाठ

डोक्यावरून विमानाची घरघर ऐकू आली, की मैदानावरचा खेळ क्षणभर थांबतो आणि सर्वांच्या माना वर वळतात. त्या विमानाच्या अगदी पुढच्या लहानशा कक्षात दोन माणसे बसलेली असतात. त्यांच्या गणवेशावर सोनेरी पट्टे असतात आणि समोर असंख्य यंत्रे व दिवे मांडलेले असतात. वैमानिकाच्या जीवनाचा एवढाच भाग लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. परंतु त्या कक्षात जागा मिळण्यापूर्वी प्रत्येक वैमानिकाने शेकडो तास एका साध्या मेजाशी बसून काढलेले असतात. तेथे इंजिनाचा आवाज नसतो, ढग नसतात, टाळ्या वाजवणारे प्रवासीही नसतात. तेथे असतात फक्त पुस्तके, नकाशे, वही आणि पेन्सिल. हा वैमानिकाचा गृहपाठ होय.

विमान चालवणे म्हणजे केवळ हाताचे कौशल्य नव्हे. ज्याला प्रवासी विमानाचा मुख्य वैमानिक व्हावयाचे आहे, त्याला उड्डाणाच्या परीक्षेबरोबर लेखी परीक्षाही द्यावी लागते. युरोपीय संघातील देशांत या परीक्षेचे तेरा विषय आहेत. विमान हवेत कसे तरंगते, त्याची इंजिने व यंत्रे कशी चालतात, वारे व ढग कसे निर्माण होतात, पृथ्वीच्या गोलावर मार्ग कसा आखावा, किती वजन कोठे ठेवावे, किती इंधन बरोबर घ्यावे, धावपट्टी किती लांब हवी, आकाशातील वाहतुकीचे कायदे कोणते, उंचावर मनुष्याच्या शरीरावर व मनावर कोणते परिणाम होतात, अशा अनेक गोष्टी त्यांत येतात. प्रत्येक विषयात शंभरांपैकी किमान ७५ गुण मिळवावे लागतात. पहिल्या विषयाला बसल्यापासून अठरा महिन्यांच्या आत तेराही विषय पुरे व्हावे लागतात. एखाद्या विषयात चार वेळा अपयश आले, तर सर्व परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते.

हे ज्ञान किती उपयोगाचे असते, हे एका लहानशा नियमावरून ध्यानात येईल. विमानाची दिशा एका अंशाने चुकली, तर साठ किलोमीटर गेल्यावर ते आपल्या मार्गापासून सुमारे एक किलोमीटर दूर जाते. मुंबईहून नागपूर आकाशमार्गाने सुमारे ७०० किलोमीटर आहे. मुंबईहून निघताना केवळ एका अंशाची चूक झाली आणि वाटेत ती कोणी सुधारली नाही, तर विमान नागपुरास न पोचता सुमारे बारा किलोमीटर बाजूने निघून जाईल. कंपासपेटीतील कोनमापकावर एक अंश म्हणजे केसाएवढी रेघ. आकाशात तिचे मोल असे वाढत जाते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे विमान आणले, तेव्हा त्यांच्या त्या लहानशा विमानात रेडिओसुद्धा नव्हता. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि डोक्यातील हिशेब, एवढीच त्यांची साधने होती. आज विमानात नाना प्रकारची यंत्रे आली आहेत. तथापि यंत्र काय सांगते व ते बरोबर आहे किंवा नाही, हे ओळखण्याचे काम अद्याप वैमानिकाकडेच आहे.

हा अभ्यास शिकवणाऱ्या शाळा आहेत. पण तेथे जाऊन महिनोन्‌महिने राहणे सर्वांनाच परवडत नाही. कोणाला घर चालवण्यासाठी नोकरी करावी लागते, तर कोणाचे गाव शाळेपासून फार लांब असते. अशांसाठी दूरशिक्षणाची सोय झाली. दूर राहून शिकण्याची ही कल्पना तशी जुनी आहे. १८४० साली इंग्लंडमध्ये स्वस्त टपालाची सोय होताच आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवण्यास सुरुवात केली. विद्यार्थी धडा लिहून पाठवीत आणि पिटमन तो तपासून परत करीत. पुढे अनेक विद्या याच वाटेने लोकांच्या घरी पोचल्या. वैमानिकाच्या अभ्यासाची जाडजूड पुस्तके पूर्वी टपालानेच येत; आता बहुतेक धडे संगणकावर येतात.

या पद्धतीने शिकणारी एक तरुणी आयर्लंडमधील डब्लिन शहरात राहते, असे समजू. ती दिवसभर एका दुकानात हिशेबाचे काम करते. लहान विमान चालवण्याचा खासगी परवाना तिने पैसे साठवून मिळवला आहे. कारण तो असल्यावाचून हा पुढचा अभ्यासक्रम सुरूच करता येत नाही. आता तिच्यापुढे ६५० तासांचा अभ्यास आहे. तिने वहीच्या पहिल्या पानावर हिशेब मांडला. रोज दोन तास अभ्यास केला तरी ३२५ दिवस लागणार. अभ्यासक्रम संपवण्यास मुदत अठरा महिन्यांची. म्हणजे वेळ पुरेसा आहे, परंतु उधळण्याइतका नाही. आजारपण, पाहुणे, सणवार आणि कंटाळा, या सर्वांना त्या शिल्लक दिवसांतच जागा करून द्यावी लागणार होती.

तिची संध्याकाळ ठरून गेली. कामावरून यावे, जेवण उरकावे आणि सात वाजता मेजाशी बसावे. खाली रस्त्यावर मैत्रिणी हाका मारीत. शेजारच्या घरात गाणी चालू असत. ती न बसली तर हजेरी मांडणारे कोणी नव्हते, आणि बसली तर शाबासकी देणारेही कोणी नव्हते. वर्गात एखाद्या मुलाचे लक्ष उडाले, तर गुरुजी त्याच्या चेहऱ्यावरून ते ओळखतात. पुस्तकाला असे डोळे नसतात. वाचणाऱ्याला समजले असो वा नसो, पुस्तकाचे पान मुकाट्याने उलटले जाते.

महाभारतातील एकलव्यही गुरूपासून दूर राहूनच शिकला. परंतु त्याच्यापुढे लक्ष्य उभे होते. बाण लागला किंवा चुकला, हे त्याला तत्क्षणी दिसे. घरी बसून पुस्तक वाचणाऱ्याला असे लक्ष्य आपण होऊन उभे करावे लागते. म्हणून दूरशिक्षणाच्या शाळा प्रत्येक भागानंतर एक चाचणी पाठवतात. विद्यार्थ्याने ती घरीच सोडवून परत पाठवावयाची असते. शिक्षक ती तपासून कोठे चुकले ते कळवतात.

एका रात्री त्या तरुणीपुढे 'वजन व तोल' या विषयाची चाचणी होती. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझे भरले, की गाडी उलाळते आणि जू वर उचलले जाते. विमानाचेही तसेच आहे. एकूण वजन मर्यादेत असूनही ते नको त्या जागी ठेवले गेले, तर विमानाचा तोल बिघडतो आणि ते सावरणे कठीण होते. हे सर्व तिने वाचले होते. परंतु प्रश्न पुढे येताच आकडे एकमेकांत मिसळू लागले. पुस्तक हाताच्या अंतरावर होते. खोलीत दुसरे कोणी नव्हते. पुस्तक उघडून उत्तरे लिहिली असती, तरी कोणाला कळले नसते.

तिने पुस्तक उचलले व शेजारच्या खोलीत नेऊन ठेवले. मग परत येऊन तिने चाचणी पुरी केली. तिला ५८ गुण मिळाले. ते पाहून तिला वाईट वाटले. परंतु कोणता भाग आपल्याला समजला नाही, हे तिला व तिच्या शिक्षकांना त्या ५८ गुणांमुळेच कळले. ९५ गुण मिळाले असते, तर ती चूक तशीच झाकलेली राहिली असती.

या अभ्यासात आणखी एक मोह असतो. परीक्षेत प्रत्येक प्रश्नाखाली काही उत्तरे दिलेली असतात आणि त्यांतील योग्य उत्तर निवडावयाचे असते. असे हजारो प्रश्न एकत्र करून सरावासाठी दिले जातात. सराव वाईट नव्हे. उलट तो आवश्यकच आहे. परंतु काही विद्यार्थी प्रश्न समजून न घेता उत्तरेच पाठ करून टाकतात. प्रश्नाचे पहिले चार शब्द दिसले, की त्यांचे बोट उत्तराकडे वळते.

उंचीमापकाचेच उदाहरण पाहा. हे यंत्र खरोखर उंची मोजत नाही. ते मोजते हवेचा दाब. वर जावे तसतसा दाब कमी होतो, म्हणून दाबावरून ते उंची दाखवते. समुद्रसपाटीजवळ दाब एका हेक्टोपास्कलने उतरला, की आपण सुमारे २७ फूट वर गेलो, असे हे यंत्र समजते. आता समजा, विमान जास्त दाबाच्या प्रदेशातून निघून कमी दाबाच्या पावसाळी प्रदेशात गेले. तेथील दाब दहा हेक्टोपास्कलने कमी आहे. पण वैमानिकाने यंत्रावर तेथील नवा दाब लावला नाही. तर यंत्र जी उंची दाखवील, तिच्यापेक्षा विमान प्रत्यक्षात सुमारे २७० फूट खाली असेल. रात्रीची वेळ असेल आणि समोर डोंगर असेल, तर एवढे अंतर प्राणघातक ठरू शकते. ज्याने 'कमी' एवढाच शब्द पाठ केला, तो प्रश्न उलटा विचारला की फसतो. ज्याला यंत्राचे काम समजले, त्याला प्रश्न कसाही विचारा, तो अडत नाही.

केवळ घरी बसूनही हा अभ्यास पुरा होत नाही. युरोपातील नियमाप्रमाणे एकूण अभ्यासाचा किमान दहावा भाग तरी शाळेत प्रत्यक्ष शिक्षकांपुढे करावा लागतो. त्याप्रमाणे ती तरुणी रजा काढून शाळेत गेली. तिच्यासारखेच दुरून आलेले इतर विद्यार्थीही तेथे होते. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी फळ्यावर एकच आकडा लिहिला : १.७७. मग त्यांनी विचारले, "हे काय आहे?"

"इंधनाची घनता," एकाने चटकन उत्तर दिले.

"कोणत्या मापात?" शिक्षकांनी विचारले.

वर्ग गप्प राहिला. तेव्हा शिक्षकांनी कॅनडात खरोखर घडलेली एक गोष्ट सांगितली.

२३ जुलै १९८३ रोजी एक मोठे प्रवासी विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटन शहरी जावयाचे होते. विमानातील इंधन दाखवणारी यंत्रे बिघडली होती. म्हणून टाकीत मोजपट्टी घालून इंधन मोजण्यात आले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला मात्र २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी घनतेने गुणावे लागते. हिशेब करणाऱ्यांनी १.७७ या आकड्याने गुणले. परंतु एका लिटर इंधनाचे वजन १.७७ पौंड असते. किलोग्रॅममध्ये ते सुमारे ०.८ एवढेच भरते. कॅनडात त्या काळी जुनी मापे जाऊन मेट्रिक मापे येत होती आणि हे नवे विमान किलोग्रॅमच्या हिशेबाने चालणारे होते. आकडा जुन्या मापाचा होता. मात्र उत्तर नव्या मापाचे आहे असे सर्वांनी मानले. त्यामुळे सुमारे २०,००० लिटर इंधन भरावयाचे, तेथे सुमारे ४,९०० लिटरच भरले गेले. ओटावा येथे इंधन पुन्हा मोजले. पण गुणाकार त्याच आकड्याने झाला. गुणाकार बरोबर होता, वजाबाकी बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. १.७७ म्हणजे पौंड की किलोग्रॅम, एवढा एकच प्रश्न विचारावयाचा राहून गेला.

४१,००० फूट उंचीवर इंधन संपू लागले. प्रथम एक इंजिन थांबले, मग दुसरे. विमानात ६९ माणसे होती. इंजिनांबरोबर वीजही गेली व बहुतेक यंत्रे काळी पडली. हवेच्या झोताने फिरणारे एक लहानसे चाक विमानाबाहेर आले. त्याच्या जोरावर विमान वळवण्यापुरती शक्ती मिळत होती.

मुख्य वैमानिक रॉबर्ट पिअर्सन यांना इंजिन नसलेली विमाने वाऱ्यावर तरंगत चालवण्याचा अनुभव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटाल यांनी हिशेब केला. सुमारे अठरा किलोमीटर पुढे जाईपर्यंत विमान पाच हजार फूट, म्हणजे दीड किलोमीटर, खाली आले होते. बारा किलोमीटर पुढे जाण्यासाठी एक किलोमीटर उंची खर्च होत होती. या हिशेबाने विनिपेग शहराचा विमानतळ गाठणे शक्य नव्हते. क्विंटाल यांना गिमली गावाजवळचा हवाई दलाचा जुना तळ आठवला; ते पूर्वी तेथे नोकरीस होते. तेथील एक धावपट्टी आता मोटारींच्या शर्यतींसाठी वापरली जात होती आणि त्या दिवशी तेथे माणसेही जमली होती. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे विमान येत आहे, हे त्यांना अगदी उशिरा कळले.

विमान अजून फार उंच होते आणि पुन्हा फेरी घेण्याची सोय नव्हती. पिअर्सन यांनी ते मुद्दाम तिरपे करून हवेत घसरवत खाली आणले. लहान विमानांत ही युक्ती वापरतात. चाके धावपट्टीला लागली, पुढचे चाक दुमडले आणि विमान नाकावर घासत थांबले. काहींना किरकोळ दुखापत झाली. प्राण मात्र एकाचाही गेला नाही.

गोष्ट संपल्यावर शिक्षक म्हणाले, "चुकीचा हिशेब करणारे आळशी नव्हते, अनुभवी होते. म्हणून 'मला येते' असे म्हणून कोणीही थांबू नये. आणि हेही विसरू नका, की ज्या संकटात एका आकड्याने लोटले, त्यातून सुटका झाली तीही ज्ञानानेच. बारास एक हा हिशेब त्या क्षणी कोणत्याही पुस्तकात शोधता आला नसता."

त्या तरुणीने वहीत १.७७ हा आकडा लिहिला आणि त्यापुढे 'पौंड, एका लिटरला' असे शब्द लिहिले. घरी परतल्यावर तिने मागच्या सर्व पानांवरचे आकडे एकेक करून पाहिले. ज्यांच्यापुढे माप लिहिलेले नव्हते, त्या प्रत्येकापुढे तिने ते लिहिले. या कामी तिच्या तीन संध्याकाळी गेल्या. 'वजन व तोल' हा भाग तिने पुन्हा पहिल्यापासून वाचला. शिल्लक दिवसांतले काही दिवस त्यात खर्च झाले. परंतु पुढच्या चाचणीत तिला पुस्तकाची आठवणही झाली नाही.

भारतातही या वाटेने जाणारे तरुण-तरुणी पुष्कळ आहेत. आपल्याकडे वैमानिकांच्या लेखी परीक्षा नागरी विमान वाहतूक महासंचालनालय घेते. मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, विमान वाहतुकीचे नियम, विमानाची तांत्रिक माहिती हे त्यांतील प्रमुख विषय असून उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. अनेकजण नोकरी किंवा शिक्षण सांभाळून घरीच त्यांची तयारी करतात. १९८५ साली सर्व स्त्रियांनी मिळून एक प्रवासी विमान कोलकात्याहून सिलचरला नेले, तेव्हा त्या विमानाच्या मुख्य वैमानिक सौदामिनी देशमुख होत्या. अशी नावे वृत्तपत्रांत झळकतात. त्यांमागची मेजाशी घालवलेली वर्षे मात्र कोणाला दिसत नाहीत.

परीक्षागृहात त्या तरुणीच्या समोर पर्यवेक्षक असतील, घड्याळ असेल, आणि एक दिवस निकालही हाती येईल. त्यानंतर विमानाच्या कक्षात बसल्यावर पर्यवेक्षक नसतील. मागे बसलेल्या प्रवाशांपैकी कोणीही पुढे येऊन तिला विचारणार नाही, की तू तो धडा खरोखर समजून घेतला होतास काय? ते विश्वासाने डोळे मिटून झोपलेले असतील. डब्लिनच्या त्या लहान खोलीत, कोणी पाहत नसताना, तिने पुस्तक उचलून दुसऱ्या खोलीत ठेवले. त्या प्रवाशांच्या विश्वासाला ती त्याच रात्री पात्र होऊ लागली होती.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) दूरशिक्षणाने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या अडचणी येतात?
(आ) उंचीमापक प्रत्यक्षात काय मोजतो?
(इ) ५८ गुण मिळाल्याने त्या तरुणीचा कोणता फायदा झाला?

२. कॅनडातील विमानाच्या हिशेबात गुणाकार, वजाबाकी व भागाकार बरोबर असूनही चूक कशी झाली, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.

३. एकलव्याचे शिक्षण व त्या तरुणीचे शिक्षण यांत कोणते साम्य आहे? कोणता फरक आहे?

४. हिशेब करा : विमानाची दिशा दोन अंशांनी चुकली, तर १८० किलोमीटर गेल्यावर ते मार्गापासून सुमारे किती दूर जाईल?

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : गृहपाठ, तोल, पर्यवेक्षक, मोह, किरकोळ.

६. कोणी पाहत नसताना तुम्ही प्रामाणिकपणे केलेल्या एखाद्या कामाविषयी दहा ओळी लिहा.